विसर, मुंग्या आणि काढा: कोणती वनस्पती पाण्यात, कोणती दुधात आणि कोणती नकोच

ताई, तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सासरे सत्तरीचे. वर्षभरापासून विसरायला लागलेत. पायाला मुंग्या येतात, रात्री पाय गार पडतात. शुगरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं सुरू आहे, बीपीची गोळी आहे, आणि छातीत दुखलं तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळीही आहे. नात्यातल्या कोणी जिन्कगोचा, म्हणजे एका चिनी झाडाच्या पानांचा, चहा मागवायला सांगितला, शेजारच्या काकाजींनी ब्राह्मी आणि अर्जुनसाल उकळून द्या म्हटलं. बारावीतल्या मुलीलाही तोच चहा स्मरणशक्तीसाठी चालेल का, असंही तुम्ही विचारलंय.

दोघांना एकच चहा चालणार नाही. जिन्कगो सासऱ्यांना नकोच. ब्राह्मी चालेल, पण चहा करून नाही. अर्जुनसाल हृदयाच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. आणि ज्याला खरोखर ‘चहा’ म्हणता येईल, ज्याचा बीपीवर उपयोग नीट तपासून पाहिलेला आहे, ती वस्तू बहुधा तुमच्याच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी आहे. तिच्याकडे येतो, पण त्याआधी सासऱ्यांच्या पायांचं बघू.

मी आयुर्वेदाचाच माणूस. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी-लाखांदूरच्या पट्ट्यात लोक मला काढे विचारायलाच येतात. तरी ‘पायाला मुंग्या आणि विसर’ अशी जोडी समोर आली की मी काढा लिहायच्या आधी रक्ताची चिठ्ठी लिहितो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी शोषलं जातं. सासरे माळकरी असतील, अंडी-मांस वर्ज्य असेल आणि दूधही जेमतेम चहापुरतं असेल, तर ही कमतरता आणखी खोल जाते. बी-१२ कमी झालं की तळपायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि माणूस विसरायलाही लागतो. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या असू शकतात, आणि त्यावर ब्राह्मी कितीही उकळली तरी काही होणार नाही. त्याला इंजेक्शन किंवा गोळीच लागते. बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी शुगर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि सोडियम एवढं बघून घ्या. बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी, म्हाताऱ्या माणसाचं सोडियम उतरतं आणि तो गोंधळल्यासारखा वागतो. घरचे समजतात, बुढ्याचं डोकं गेलं.

विसरण्याचंही नीट बघा. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, नातवाच्या जागी मुलाचं नाव तोंडात येतं, हे वयाचं आहे. पण रोजच्या वावरातून घरी यायची वाट चुकणं, बाजारात पैशाचा हिशेब न जमणं, तीच गोष्ट तासाभरात चारदा विचारणं, हे वेगळं. ऐकू कमी येणारा माणूसही विसराळू वाटतो, कारण सांगितलेलं त्याच्या कानात शिरलेलंच नसतं. बायको गेल्यानंतर गप्प झालेले बाबाजी तर मी कितीतरी पाहिलेत. त्यांना विसर नसतो, त्यांचं मन कशातच लागत नसतं. रात्री झोपेची गोळी चालू असेल तर तीही सांगा.

आता ‘रक्त फिरत नाही’ याबद्दल. आपल्याकडे हे एकच वाक्य तीन वेगळ्या आजारांना लावतात. चार पावलं चाललं की पोटरी आवळून येते आणि थांबलं की दोन मिनिटांत बरं वाटतं, तर पायाची धमनी अरुंद झालेली असते. संध्याकाळी घोट्याजवळ सूज येते, निळ्या शिरा फुगतात, पाय वर ठेवले की बरं वाटतं, तर तो शिरांचा दोष. आणि बसल्या जागी, झोपल्यावरसुद्धा मुंग्या, आग, बधिरपणा, पायातली चप्पल कधी निसटली ते कळत नाही, तर शुगरनं किंवा बी-१२नं नसा बिघडलेल्या असतात. तुमच्या वर्णनावरून मला तिसऱ्याची शंका जास्त आहे, पण पाय गार पडतात म्हणताय, म्हणून पहिल्याचीही तपासणी हवी. डॉक्टर पायाच्या वरच्या बाजूला आणि घोट्यामागे बोटानं नाडी बघतील. ती लागत नसेल तर डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करायला सांगतील. हे न करता गरम काढे देणं, गरम पाण्यात पाय बुडवणं, शेकणं यातून बधिर पायाला भाजतं आणि जखम चिघळते. धानाच्या बांधीत अनवाणी उतरणाऱ्या शुगरच्या माणसाला हे दुप्पट लागू.

सासरे खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खातात का, हे तुम्ही लिहिलं नाही. लिहिलं नाही म्हणजे बहुतेक खातात. आपल्या भागात ती विचारण्याची गोष्टच राहिलेली नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी खर्रा पानठेल्यावर डोळ्यांसमोर घोटून मिळतो. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं, आणि खर्रा दिवसभर गालात असल्यामुळे ते दिवसभर चालूच राहतं. एका गालात खर्रा आणि हातात अर्जुनाचा काढा, असे पेशंट माझ्यासमोर बसतात. अशा वेळी काढ्याचे पैसे वाचवा, असं मी सरळ सांगतो. पोटरी आवळण्याच्या त्रासावर तंबाखू सोडणं आणि रोज चालणं (दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं) याच्या तोडीचा काढा माझ्याकडे नाही.

आता स्मरणशक्तीच्या वनस्पती. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या रसायन अध्यायात बुद्धीसाठी चार औषधं एकत्र सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा ताजा रस, जेष्ठमधाचं चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे मुळा-फुलासकट वाटलेली ओली चटणी. शंखपुष्पीला त्यात विशेष मान दिला आहे. या चारांत एकही काढा नाही. दुकानात ‘मेध्य’ (बुद्धी वाढवणारा) चहा म्हणून जी पाकिटं मिळतात, त्यांच्यामागे ग्रंथाचा आधार शोधायला गेलात तर हाती हेच लागेल. आमच्या शास्त्रात पाण्यात औषध उतरवायच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. कठीण साल-मुळांसाठी क्वाथ, म्हणजे सोळापट पाणी घालून मंद आचेवर एक अष्टमांश उरेपर्यंत आटवणं. नाजूक पानाफुलांसाठी फांट, म्हणजे उकळतं पाणी ओतून झाकून ठेवणं. उष्णतेनं बिघडणाऱ्या वस्तूंसाठी हिम, म्हणजे रात्रभर थंड पाण्यात भिजवणं. आज सगळ्याच वस्तू एका गंजात (पातेल्यात) टाकून पंधरा मिनिटं खदखदवतात, आणि मग गुण आला नाही म्हणून वनस्पतीला दोष देतात.

ब्राह्मीच्या नावाखाली दोन झाडं चालतात, म्हणून आणायच्या आधी ओळखून घ्या. एक खरी जलब्राह्मी: ओल्या चिखलात पसरते, पानं लहान, जाडसर, रसाळ, टोकाला रुंद आणि समोरासमोर, फुलं पांढरी किंवा फिकट जांभळी, चव कडू. दुसरी मंडूकपर्णी: लांब देठावर एकेक गोल पान, देठाजवळ खाच, कडेला बारीक दाते. रोपवाटिकेत ब्राह्मी म्हणून पुष्कळदा ही दुसरीच मिळते. दोन्ही उपयोगी आहेत, पण मात्रा आणि वापरायची रीत वेगळी.

जलब्राह्मीवर आधुनिक पद्धतीनं बऱ्यापैकी काम झालंय. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं तिचा प्रमाणित अर्क विकसित केला. निरोगी माणसांवर झालेल्या काही चाचण्यांत रोज ३०० मिलिग्रॅम अर्क साधारण १२ आठवडे दिल्यावर शिकलेलं टिकवून ठेवण्यात थोडी सुधारणा दिसली. थोडी, आणि तीही महिन्यांनी. सकाळी पेला प्यायला आणि दुपारी पाढे आठवले, असं होत नाही. शिवाय तो आटवलेला अर्क होता. तिच्यातली बॅकोसाइड्स, म्हणजे गुणकारी द्रव्यं, नुसत्या गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवून अर्धवटच उतरतात. आमच्याकडे ब्राह्मीघृत, म्हणजे ब्राह्मीत सिद्ध केलेलं तूप, करायची जुनी पद्धत उगाच पडलेली नाही. घरी करायचं तर सावलीत वाळवलेल्या पानांचं अर्धा छोटा चमचा चूर्ण, अर्धा कप दूध, अर्धा कप पाणी, पाणी आटेपर्यंत मंद आचेवर ठेवा, उतरवून पाव चमचा गाईचं तूप टाका. साखर-गूळ नको. रात्रीच्या जेवणानंतर द्या, रिकाम्या पोटी दिलं की मळमळतं आणि काहींना पातळ संडास होते. सासऱ्यांची नाडी मिनिटाला साठच्या खाली असेल किंवा विसरासाठी डोनेपेझिल सुरू झालेली असेल, तर ब्राह्मी नको. दोन्हींचा ओढा नाडी मंद करण्याकडे आहे.

मंडूकपर्णी मात्र ताजी वापरा. मूठभर पानं तीन पाण्यानं धुऊन वाटा, फडक्यातून पिळा, दोन छोटे चमचे रस पुरे. नाहीतर मठ्ठ्यात जिऱ्याबरोबर वाटून टाका, पोरंही पितात. पण वर्षाचे बारा महिने नको. सहा आठवडे घ्या, मग दोन आठवडे थांबा. दीर्घकाळ भरपूर घेतल्यावर यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. हीच गोष्ट गुळवेलीची. कोरोनाच्या काळात लोकांनी ती पाण्यासारखी प्यायली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले. त्यावर आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचाही मुद्दा निघाला, वाद बराच रंगला. मी एवढंच बघतो की आधीच कावीळ होऊन गेलेल्याला किंवा दारू पिणाऱ्याला गुळवेल देत नाही, आणि शुगरच्या गोळीबरोबर द्यायची तर शुगर उतरते का यावर लक्ष ठेवतो. जेष्ठमध सासऱ्यांना अजिबात नको. त्यानं अंगात पाणी-मीठ साठतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. चारातलं एक औषध असं पहिल्याच पायरीवर बाद.

पानं कुठून तोडता, हे कोणीच विचारत नाही, आणि मला त्याचीच जास्त चिंता असते. जलब्राह्मी पाण्यातले जड धातू स्वतःत ओढून साठवते. सांडपाणी साफ करायला ती चांगली, पोटात घ्यायला तितकीच वाईट. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत उतरतं आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात येऊन थांबतं. त्या काठावरची हिरवीगार ब्राह्मी बघून हात पुढे करू नका. गावातल्या नालीची नको, धानाच्या बांधीतली नको जिथे तणनाशक मारलंय, कपाशीच्या धुऱ्यावरची तर नकोच. फवारणी किती कडक असते ते यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ मध्ये जीव गमावून पाहिलंय. सगळ्यात सोपं म्हणजे पसरट कुंडीत बोअरच्या पाण्यावर लावा. मोरीजवळ ओलाव्यात दोन्ही झपाट्यानं वाढतात, फक्त साबणाचं पाणी जाऊ देऊ नका.

शंखपुष्पीचा घोळ ब्राह्मीपेक्षा मोठा. आयुर्वेदिक औषधसंहितेनं मान्य केलेली शंखपुष्पी म्हणजे जमिनीसरपट पांढऱ्या-गुलाबी फुलांची. आपल्या पडीक रानात निळ्या टिकलीएवढ्या फुलांची दिसते ती विष्णुक्रांता. केरळकडे गोकर्णीलाच शंखपुष्पी म्हणतात. हल्ली गोकर्णीच्या फुलांचा निळा चहा फॅशनमध्ये आहे. लिंबू पिळलं की जांभळा होतो, पोरांना गंमत वाटते, तेवढ्यासाठी करा. एक इशारा मात्र पक्का लक्षात ठेवा: घरात कोणाला फिट येतात आणि फेनिटोइन सुरू आहे, त्याला शंखपुष्पीचं सरबत, सिरप, काहीच देऊ नका. त्या गोळीचं रक्तातलं प्रमाण उतरतं आणि थांबलेल्या फिट पुन्हा येतात. हे १९९२ मध्येच छापून आलंय, तरी आजही दुकानदार विचारत नाही आणि घेणारा सांगत नाही. मालकांगोणीचं तेल आणि वेखंड हे दोन्हीही बुद्धीसाठी प्रसिद्ध, मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत मालकांगोणी रानात मिळते, पण दोन्ही उष्ण, तीव्र, आणि चहात टाकायच्या वस्तू नव्हेत. वेखंडातल्या एका घटकाबद्दल तर गंभीर शंका आहेत. मुलांच्या घुटीतही मी ते बंद करायला लावतो.

अर्जुन, आपल्याकडचा कहू. वैनगंगेच्या काठानं याची मोठमोठी झाडं आहेत, आणि याच झाडावर कोसा रेशमाच्या अळ्या वाढतात, म्हणून गडचिरोली-भंडाऱ्याच्या माणसाला तो वेगळा ओळखून द्यावा लागत नाही. साल वरून करडी-गुळगुळीत, आतून गुलाबी-लाल. काढताना उभी पट्टी काढा. झाडाभोवती गोल साल काढली तर झाड मरतं. त्याचा खरा प्रयोग क्षीरपाक आहे: एक भाग सालीची भरड, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, आणि दूध उरेपर्यंत आटवायचं. म्हणजे पाच ग्रॅम भरडीला चाळीस मिली दूध आणि एकशे साठ मिली पाणी. लोक घाईत कप दूध, कप पाणी घेतात, तेही चालून जातं. स्टीलचं भांडं घ्या. जर्मनच्या (अॅल्युमिनियमच्या) गंजात नको, लोखंडी कढईत तर सालीतला तुरट अंश लोखंडाशी मिळून सगळं काळंशार होतं. लोहाची गोळी आणि अर्जुन यांत दोन तास अंतर ठेवा, त्याच कारणानं.

गुण किती? हृदय कमजोर असलेल्या रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचण्यांत धाप कमी झाल्याचं दिसलं. पण ते सगळं नेहमीच्या औषधांच्या जोडीनं. गोळ्या बंद करून अर्जुनावर राहिलेले आणि पुन्हा अॅम्ब्युलन्समधून गेलेले लोक मी पाहिलेत. सासऱ्यांच्या छातीत दुखून गेलंय, स्टेंट पडलाय की नाही तुम्ही लिहिलं नाही. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना ‘अर्जुनसाल घेऊ का’ हे एवढंच वाक्य विचारा. बीपीच्या गोळीच्या जोडीला अर्जुन आला की बीपी जास्त उतरू शकतं, म्हणून त्यांना माहीत असलेलं बरं.

आता धुऱ्यावरची वस्तू: लाल अंबाडी. आपल्याकडे अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर घरोघरी होते, पण लाल देठाच्या अंबाडीची मांसल, आंबट बोंडं पुष्कळ ठिकाणी झाडावरच वाळून जातात. कोणी हौसेनं शरबत करतं, कोणी चटणी. जगभर हिबिस्कस टी म्हणून जो महाग चहा विकला जातो, तो याच झाडाच्या बोंडांच्या पाकळ्यांचा. अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला: बीपी सीमेवर किंवा थोडं वाढलेले ६५ लोक, सहा आठवडे रोज तीन कप. त्यांचं वरचं बीपी सरासरी ७.२ अंकांनी उतरलं, नुसतं रंगीत-चवदार पाणी पिणाऱ्यांचं १.३ नं. मोठा चमत्कार नाही, पण स्मरणशक्ती आणि रक्ताभिसरणाच्या नावावर विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेयांपाशी एवढाही आधार नाही. आणि वाढलेलं बीपी वर्षानुवर्षं मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतं, त्यातून विसर येतो. म्हणजे बीपी आवरणं हेच स्मरणशक्तीचं काम.

बरं, हे पाण्यात सहज उतरतं. रंग आणि आंबटपणा दोन्ही पाण्यात विरघळणारे, म्हणून अंबाडीला ‘चहा’ हे रूप शोभतं. कार्तिक-मार्गशीर्षात बोंडं भरली की तोडा, आतली बी असलेली गाठ नळीनं ढकलून काढा, पाकळ्या सावलीत पातळ फडक्याखाली वाळवा. चुरचुरीत झाल्या की काचेच्या बरणीत. कपभर उकळत्या पाण्यात चार-पाच बोंडांच्या पाकळ्या टाकून सहा-सात मिनिटं झाका, गाळा, प्या. पाकळ्यांसकट उकळत बसू नका, तुरट होतं. साखर टाकली तर शुगरच्या माणसासाठी सगळं मुसळ केरात. आंबट सोसत नसेल तर वेलदोडा ठेचून टाका.

सासऱ्यांना दिवसाला एकच कप, सकाळी नाश्त्यानंतर. सुरू करायच्या आधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी लिहून ठेवा, मग सुरू केल्यावर पुन्हा आठवडाभर. वरचं ११० च्या खाली जायला लागलं किंवा उठताना चक्कर आली तर बंद. आम्लपित्ताचा त्रास असेल तर नको, गरोदर बाईला नको. प्यायल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, आंबटानं दात झिजतात.

आलं, तुळस, दालचिनी, गवती चहा यांचा काढा घरात चालूच असेल. त्यानं अंगाला ऊब येते, थंडीत पाय थोडे गरम वाटतात. तेवढंच. तुळस आणि गवती चहा झाकून ठेवा, वास उडाला की अर्धा गुण गेला. बाजारची जाड, कडक दालचिनी चिमूटभरच, रोज चमचाभर घातली तर तिच्यातल्या कुमारिनचा यकृताला त्रास होतो. हळद चिमूटभर चालेल. आपली वायगावची हळद रंगानं आणि वासानं उजवी आहेच, पण ‘रक्त पातळ होतं’ म्हणून चमच्यानं नको. सासऱ्यांची रक्त पातळ करायची गोळी नेमकी कोणती ते पाकिटावर वाचा. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर जेवणातलं आलं-लसूण चालतं, त्यांचे काढे आणि कॅप्सूल नकोत. वॉरफरिन किंवा अॅसिट्रोम असेल तर डॉक्टरांना न विचारता कुठलाच नवा काढा नको, कारण त्या गोळीचं माप फार नाजूक असतं. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी संडास यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

याच कारणानं जिन्कगो नको म्हटलं. तोही रक्त गोठण्याच्या कामात लुडबुड करतो. झाड चीनचं, पण पानांचा जो अर्क औषध म्हणून गाजला तो गेल्या शतकात जर्मनीत तयार झालेला. साध्या वाळक्या पानांच्या चहात जिन्कगोलिक आम्लं ही अपायकारक द्रव्यं राहतात, अर्कातून ती मुद्दाम काढतात. आणि फायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३०६९ लोकांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क किंवा खोटी गोळी देऊन सुमारे सहा वर्षं पाहिलं. २००८ मध्ये निकाल आला: स्मृतिभ्रंश थांबला नाही, कमीही झाला नाही. एवढ्या पैशात बी-१२ची तपासणी होऊन पैसे उरतील.

मुलीचं. बारावीच्या पोरीला विसर पडत नाही, तिला झोप कमी पडते. रात्री एक वाजता कोरा चहा आणि सकाळी सहाला ट्यूशन, यात ब्राह्मी काय करणार. आधी हिमोग्लोबिन बघा. रक्त कमी असलं की लक्ष लागत नाही, डोकं दुखतं, थकवा येतो, आणि आपल्याकडच्या मुलींत हे फार. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी ती खाते की दप्तरात टाकते ते विचारा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा नको, लोह शोषलं जात नाही. लिंबू पिळलेलं वरण, पालेभाजी, भिजवलेले चणे आणि गूळ चालू द्या. एवढं झाल्यावर मंडूकपर्णी मठ्ठ्यात द्यायची तर द्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मात्र नवीन काही सुरू करू नका, पोट बिघडलं तर पेपर जाईल.

तिचे हातपाय, सांधे, कंबर अधूनमधून एकदम असह्य दुखतात का, डोळे पिवळट दिसतात का? असेल तर सिकलसेलची तपासणी करा. पूर्व विदर्भात हा आजार किती घरांत आहे ते तुम्हाला सांगायला नको. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणजे ‘रक्त फिरत नाही’ हे इथे अक्षरशः खरं असतं. तरीही त्याला उष्ण काढे नकोत. भरपूर पाणी, फॉलिक अॅसिड आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर हायड्रॉक्सीयुरिया हे त्याचं औषध.

सासऱ्यांचं तोंड अचानक एका बाजूला झुकलं, हात खाली पडला, बोलणं जड झालं, तर घरात काही उकळत बसू नका आणि लकव्याचा पाला देणाऱ्याकडेही नेऊ नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्या गावांहून पोहोचायलाच त्यातला बराच वेळ जातो. तोंडानं पाणीही देऊ नका, ठसका लागून फुप्फुसात जातं.

चैत्र लागला की गरम काढे बंद. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, आपल्याकडेही फार कमी नसतो. सुंठ-दालचिनी त्या दिवसांत घशाला कोरड आणि पोटात आग आणते. अंबाडीच्या पाकळ्या रात्री माठातल्या पाण्यात भिजवा आणि सकाळी गाळून तोच एक कप द्या. धने रात्रभर भिजवलेलं पाणीही चांगलं. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, म्हणून मागेल तेव्हा पाणी असं न करता तासातासानं पेला हातात द्या. हृदयाच्या डॉक्टरांनी पाण्याला मर्यादा घातली असेल तर ती पाळूनच. दुपारी ते अचानक असंबद्ध बोलायला लागले, ओळख पटेना, अंग तापलेलं, तर तो विसर वाढलेला नसतो, ऊन लागलेलं असतं. सावलीत घ्या, ओल्या फडक्यानं अंग पुसा, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. रिपोर्ट आले की आकडे आणि गोळ्यांची नावं पाठवा, ब्राह्मीचं दूध सुरू करायचं की नाही ते त्यावर ठरवू.